आखूड किलोमीटर

पोस्ट कुठे आहे असं मीटरमामाला कुणी विचारलं, तर 'पुढे डाव्या हाताला' असं साधं उत्तर त्याने आयुष्यात दिलं नाही. "दोनशे ऐंशी मीटर," म्हणायचा, आणि विचारणारा बरोबर तिथे थांबतो का ते बघत उभा राहायचा. हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. रस्त्याच्या खात्यात त्याने पस्तीस वर्षं नोकरी केली आणि तीही एकाच रस्त्यावर. नदीच्या पुलापासून रेल्वे फाटकापर्यंत, एक्केचाळीस किलोमीटर. राज्य मार्ग असं भारदस्त नाव आहे त्याला, नंबरही आहे, पण आमच्या घरात तो मामाचा रस्ता. मामी तर म्हणायची, "ह्यांचं पहिलं लग्न त्या रस्त्याशी झालंय. मी दुसरेपणावर आलेय."

लहानपणी सुट्टीत मी मामाच्या सायकलवर मागे बसून जायची. हँडलला दोन डबे लटकायचे, एक पांढऱ्या रंगाचा, एक काळ्या. प्रत्येक दगडाशी उतरायचं. मी फडक्याने धूळ पुसायची, मामा उकिडवा बसून आकडा काढायचा आणि काढता काढता रस्त्याची पोथी उघडायचा. सातव्या किलोमीटरला रस्ता डावीकडे वळतो, तो उगाच नाही. आधी तिथे बैलगाड्यांची वाट होती आणि चिखल टाळायची अक्कल बैलाला माणसापेक्षा जास्त. त्याच वाटेवर पुढे खडी पडली, मग डांबर आलं, वळण मात्र बैलांचंच राहिलं. बाराव्याला रस्ता एका विहिरीला वळसा घालतो. विहीर बुजून कितीतरी वर्षं झाली, वळसा अजून आहे. तेविसाव्याला मोरी, तिच्या कठड्यात गवंड्याच्या हाताचा पंजा उमटलेला. मी त्यात माझा हात ठेवून बघायची. दर सुट्टीत थोडा कमी मोठा वाटायचा तो पंजा. ते दिवस आठवले की अजूनही नाकात रंगाचा वास येतो.

फक्त सतरा आणि अठराच्या मध्ये मामा गप्प असायचा. तिथे तर खरं बोलायला हवं होतं, कारण सतराच्या दगडापुढे लगेच मामीचं माहेर. मी चिडवायची, "लाजतोस काय रे एवढा?" तो म्हणायचा, "मुकाट्याने बस."

त्या टप्प्याची एक ख्याती होती. तो किलोमीटर चटकन संपायचा. सायकलवाले म्हणायचे, तिथे उतार आहे. शाळेचे कवायतीचे मास्तर पोरांना मुद्दाम तिथे पळवायचे. माझ्या थोरल्या भावाने तिथे इतक्या कमी वेळात धाव संपवली की घरात त्याला साहेब म्हणायला सुरुवात झाली. मग पोलीस भरतीच्या खऱ्या मैदानावर तो धापा टाकत शेवटून दुसरा आला. "हवा मानवली नाही माझ्या पोराला," आई म्हणाली. मामा मान खाली घालून चहा ढवळत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती.

गेल्या वर्षी रस्ता रुंद करायचं ठरलं. मोजणीची गाडी आली, छपरावर यंत्र, आत पडद्यावर आकडे. मला वाटलं, मामा रोज तिथे जाऊन त्या लोकांचं डोकं खाईल. तर तो अंथरूण धरून बसला. जेवण निम्म्यावर आलं. मामीने मला फोन करून बोलावून घेतलं. ती मागे भांडी घासत होती तेव्हा त्याने मला पुढच्या खोलीत बसवलं आणि दार लोटलं.

"सतराचा किलोमीटर साठ मीटर आखूड आहे," तो म्हणाला. "माझ्यामुळे."

मैल जाऊन किलोमीटर आले तेव्हाची गोष्ट. मामा बावीस वर्षांचा, हंगामी कामावर. तेव्हा वीस मीटरच्या लोखंडी साखळीने रस्ता मोजायचे. पुढचा माणूस साखळी ताणून तिच्या टोकाशी एक सळी रोवायचा, हातभर लांब, वर कडी असलेली. मागचा ती सळी उपटून घेत यायचा. सळ्या दहा. दहा रोवून झाल्या की दोनशे मीटर. मग मागच्याने गठ्ठा पुढच्याला द्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. असे पाच गठ्ठे झाले की किलोमीटर. मामा मागचा.

"दुसऱ्या गठ्ठ्यात तुझ्या मामीच्या घरासमोर आलो. ऊन म्हणजे काय! ही कळशी घेऊन उभी. पाणी मागितलं. ओंजळीने प्यालो, आणि काय सांगू, सळी उपटायची राहिली. पुढच्याने साखळीला हिसका दिला तसा पळालो. गठ्ठा देताना हाताला हलका लागला. नऊच. बोललो नाही. त्यानेही मोजल्या नाहीत. पुढचे तिन्ही गठ्ठे नऊनऊचे, दर गठ्ठ्याला वीस मीटर कमी. अठराशी साहेबांनी सळ्या मोजल्या तेव्हा मी ठोकून दिलं, आत्ताच ओढ्यात पडली."

"अरे देवा," मी म्हणाले आणि मला हसू आवरेना. "मग आता काय, फाशी देणार आहेत तुला?"

"फाशीचं नाही गं. यंत्र उद्या अठरावर पोचेल. विचारतील, कुणी मोजलं होतं? त्या टोळीतला मी एकटाच उरलोय. पन्नास वर्षं हिच्यापुढे छाती काढून सांगतोय, माझ्या रस्त्यात वीतभर चूक दाखव. हिला परक्याच्या तोंडून कळलं तर कुठे तोंड लपवू? मला आधी तिथे ने. मी सांगतो, ते दगड हलवतील, हिला काही कळायला नको."

म्हणे कळायला नको! दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली, तर मामी चपला घालून आधीच मागच्या सीटवर. "माहेरावरून जाताय आणि मला टाकून?" मामाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच फितूर झाले. वाटेत त्याने एकाही दगडाचं नाव काढलं नाही.

अठराच्या दगडाशी मोजणीची गाडी उभीच होती. इंजिनिअर बाई तरुण, गळ्यात ओळखपत्र, हातात कागदांचं पॅड. मामाने सगळी नोकरी, हुद्दा, वर्षं सांगून घसा खाकरला. पण तीच आधी म्हणाली, "बरं झालं आजोबा, तुम्ही आलात. इथे साठ मीटरचा फरक लागलाय. मागे कधी वळण सरळ केलं असणार, हो ना? मी शेऱ्यात तसंच लिहिलंय."

मी सुटकेचा श्वास सोडला. देव पावला होता. मामाने फक्त मान हलवायची होती. मी त्याला डोळ्यांनी खुणावलंसुद्धा. मामी शेजारी उभी होती, पदराने घाम पुसत.

मामाने त्या दगडाकडे पाहिलं. त्यावरचा आकडा त्याच्याच हातचा होता.

"वळण नव्हतं," तो म्हणाला. "इथे कधीच वळण नव्हतं, बाई. चूक झाली होती. माझी." आणि ओंजळ, सळी, नऊचे गठ्ठे, सगळं त्याने सांगून टाकलं, मामीकडे एकदाही न बघता.

इंजिनिअर बाई पॅडवरचा शेरा पुन्हा वाचू लागल्या. मामी मात्र माझ्याकडे वळली. "गाडी घे. माझ्या घरी चल."

मला वाटलं, झालं, म्हातारपणी बाई माहेरी निघाली. मामा मागून कसाबसा म्हणाला, "सहाशे चाळीस मीटर आहे." सवय जात नाही.

माहेरी ती भावाशी धड बोललीसुद्धा नाही. तरातरा मागे गोठ्याकडे गेली. चाऱ्याच्या खोलीच्या दाराला कडीत अडकवलेली एक सळी होती, हाताळून गुळगुळीत झालेली. तिने ती ओढून काढली आणि पदरात धरून गाडीत बसली.

परत आल्यावर तिने ती मामाच्या हातात ठेवली. मामाने वरची कडी चाचपली.

"तुमची राहिली नव्हती," मामी म्हणाली. "तुम्ही डोळे मिटून पाणी पीत होतात तेव्हा मी उपटली. पाठीमागे लपवली."

"का?"

"शोधायला परत याल म्हणून."

"अगं, आलो की परत."

"आठ महिन्यांनी! ते सुद्धा दगड रंगवायला. एका सतराच्या दगडाला तीनदा रंग दिलात, तेव्हा कुठे माझ्या वडिलांच्या लक्षात आलं." मग तिने त्याच्या हातातल्या सळीवरून बोट फिरवलं. "रस्ता आखूड होईल हे मला काय ठाऊक? माझ्यामुळे तुम्ही एवढी वर्षं..."

"आणि ही सळी? मी जावई तुमच्या घरचा, मला कधी दिसली नाही?"

"जावई कधी गोठ्यात जातो का?"

इंजिनिअर बाईंनी पॅडवरचा जुना शेरा खोडला. नवीन काय लिहिलं ते मी विचारलं नाही. नवा दगड कुठे येणार ते त्यांनी दाखवलं. साठ मीटर पुढे साइडपट्टीवर चुन्याची खूण केली होती. मामा म्हणाला, तिथपर्यंत चालत जाऊन येतो. मामीही निघाली. तिचे गुडघे दुखतात, म्हणून तिने त्याचा दंड धरला. त्याच्या दुसऱ्या हातात ती सळी होती. मी मागोमाग गेले, आता हा पावलं मोजणार म्हणून.

मध्येच मामी थांबली. "अहो, किती राहिलं?"

मामाने खुणेकडे पाहिलं, मागे दगडाकडे पाहिलं.

"राहिलं असेल थोडं," तो म्हणाला. "चल हळूहळू."