उधाणाला जाणारं नेट

आमच्या घरातलं नेट उधाणाला जातं, हे सगळ्या कोळीवाड्याने मान्य केलं होतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास दर्याला ओढ लागली की सुनेचे फोन तुटायचे. अष्टमी-नवमीला भांगाची भरती लागून पाणी थंडावलं की नेट सुरळीत. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण तिथी मला कुणी शिकवायला नको. शेजारीण म्हणायची, "खारा वारा त्या टॉवरात शिरतो, मंग दुसरं काय व्हनार?" मलाही ते पटलं होतं.

सून अलिबागला कॉलेज करून आलेली. मुलगा रोह्याला कारखान्यात पाळ्या करतो. ती घरी बसून एका कंपनीचं काम करायची. कानाला हेडफोन लावून गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि गोड बोलायचं. गोड बोलता बोलता मध्येच तिचं "हॅलो, हॅलो" सुरू व्हायचं आणि मग शांत. साहेबाने तिला दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा सांगितलं, असंच चाललं तर नवी मुंबईच्या ऑफिसात येऊन बसा. म्हणजे ती तिकडे खोली घेणार, नात तिच्याबरोबर जाणार आणि मुलगा सुट्टीला तिकडेच पळणार. मागे उरणार मी आणि बोंबील.

नेटवाला येऊन गेला. त्याने नेटचा डबा बदलला, वायर बदलली. तो आला तेव्हा नेमका भांग, नेट धडाक्यात चालू. "आजी, काही प्रॉब्लेम न्हाय तुमच्याकडं," म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

मी सुनेला म्हटलं, "उधाणाच्या दिवसांत रजा टाकत जा."

"साहेबाला काय सांगू? आज पौर्णिमा आहे म्हणून येत नाही?"

"आमची माणसं तिथी बघूनच कामाला जातात."

"तुमची जातात, आई. माझी कंपनी दर्यावर नाही." असं म्हणून ती आत गेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली.

मग एका पौर्णिमेला दिराच्या होडीचं इंजिन बिघडलं. होडी किनाऱ्याला पडून, म्हणून माझ्याकडे मासळी नाही आणि परसातल्या वलांड्या, म्हणजे बोंबील वाळत घालायचे बांबू, रिकाम्या. उधाण मात्र जोरात. त्या दिवसांत सुनेचा एकही फोन तुटला नाही. जेवताना तिने टोमणा मारलाच, "दर्या सुट्टीवर गेला वाटतं."

भांडी घासताना मी विचार करत राहिले. दर्या तोच, वारा तोच. घरात काय वेगळं होतं? वलांड्या रिकाम्या होत्या. आणि वलांड्या रिकाम्या असल्या की मी कॅमेरा लावत नाही.

हा कॅमेरा मुलाने मुंबईच्या बाजारातून आणला होता. माझे गुडघे गेल्यापासून कुत्र्यांमागे धावणं जमत नव्हतं. परसात खांबावर कॅमेरा, आत छोटा पडदा, मध्ये वायर नाही. मी आत बसून मासळी साफ करायची आणि पडद्यावर कुत्रं दिसलं की ओरडायची. उधाणाच्या ओढीने डोलीच्या, म्हणजे दर्यात रोवलेल्या, जाळ्यात बोंबील भरतो, म्हणून कॅमेरा उधाणालाच चालू. पडद्याचा डबा ठेवलेला नेटच्या डब्याला चिकटून, एकाच फळीवर.

सुनेला म्हटलं, "आईला व्हिडिओ लाव तुझ्या." तिने लावला. बोलणं रंगात आलं तेव्हा मी कॅमेऱ्याचं बटण दाबलं. विहीणबाई तोंड उघडं ठेवून पडद्यावर थिजल्या. बंद केलं, तशा पुढचं बोलू लागल्या. परत दाबलं, परत थिजल्या. सून माझ्याकडे बघत राहिली. हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

नेटवाल्याला परत बोलावलं. तो म्हणाला, दोन्ही डबे हवेत एकाच वाटेने बोलतात. मला ते लगेच कळलं. बाजारात शेजारी बसलेल्या दोघी एकदम ओरडल्या की गिऱ्हाइकाला एकीचंही ऐकू येत नाही. त्याने पडद्याचा डबा मागच्या पडवीत हलवला, नेटच्या डब्याला दुसरी वाट नेमून दिली आणि सुनेच्या लॅपटॉपला सरळ वायरच जोडली. पुढच्या उधाणाला वलांड्या भरलेल्या, कॅमेरा चालू, तिचे फोनही चालू.

"आता सांग साहेबाला," मी म्हटलं.

"सांगितलं. म्हणाले, आता भरवसा राहिला नाही. एक तारखेपासून ऑफिसला या."

"कॅमेऱ्यामुळे होत होतं असं सांग की."

"सासूचे बोंबील राखायचे होते म्हणून गिऱ्हाइकाचा फोन कापला, असं सांगू?"

मुलगा म्हणाला, नोकरी सोड. ती म्हणाली, तुम्ही सोडता का? तिने बॅगा भरल्या तेव्हा मी नातीचे कपडे घड्या करून दिले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

आता नेट कुठल्याच तिथीला जात नाही. संध्याकाळी त्यांचा व्हिडिओ येतो. नात थोडं बोलते आणि खेळायला पळते. मग सून फोन घेऊन विचारते, "जेवलात का आई?" मी जेवले म्हणते. त्यापुढे आमचं बोलणं सरकत नाही. पूर्वी उधाणाला तिचे फोन आपसूक तुटायचे. आता आमचा हा फोन तुटत नाही आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसतो.