शर्यतीच्या गाडीचे ब्रेक

बाबांच्या दवाखान्याची जुनी व्हॅन पालमकडच्या अडलेल्या बायांना गंगाखेडला आणायची, पण गोदावरीच्या उतारावर तिचे ब्रेक लागेनासे झाले. हैदराबादला निघून गेलेल्या एका जहागीरदाराची शर्यतीची मोटार गाड्या दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीकडे मोडीत पडून होती. तिचे ब्रेक मेस्त्रीने व्हॅनला बसवले.

चाचणीला त्याने स्वतःच्या बायकोला आणलं आणि मागच्या फळीवर, पेशंटच्या जागी झोपवलं.

"मी मेले तर?" ती म्हणाली.

"म्हणून तर तुला आणलं. एकटा असलो की माझा हात लय बेफिकीर चालतो."

पहिल्याच खेपेला गाडी अशी थांबली की ती फळीवरून खाली पडली. "अवो, बाई आणायलात का ज्वारीचं पोतं?"

तो हसला नाही. चाकापाशी बसून त्याने ब्रेक जरा सैल केले, पुन्हा गाडी उतारावरून नेली, पुन्हा सैल केले. मी बाबांच्या मागे उभी राहून बघत होते. मेस्त्रीच्या कपाळावरचा घाम उन्हाचा नव्हता.

दुपार कलताना व्हॅन पाण्याजवळ अलगद थांबली. आतून काहीच आवाज येईना. घाबरून त्याने दार उघडलं, तर ती गाढ झोपली होती.

"पास झाली, डॉक्टरसाब," तो कुजबुजला, आणि तिची झोप मोडू नये म्हणून आम्हालाच लांब जायला सांगितलं.