चुन्यातली नीळ

भिजलेल्या चुन्याचा वास आला की मला लातूरची ती दुष्काळातली खोली आठवते. नळाला पाणीच येईना, म्हणून सोबतच्या दोघी गावी निघून गेल्या होत्या. माझं कॉलेजचं प्रोजेक्ट बाकी होतं, म्हणून मी एकटीच मागं राहिले. प्रोग्रॅम लिहून रंग निवडायची चौकट बनवायची होती: लाल, हिरवी, निळी अशा तीन पट्ट्या, त्या माऊसनं सरकवल्या की शेजारचा चौकोन रंग बदलायचा. ती नीट चालते का बघायला मी मुखेडकडच्या आमच्या घराचा निळा शोधायला बसले. चौदा एप्रिलच्या जयंतीआधी आई चुन्यात नीळ कालवून भिंती रंगवायची. दुपारभर पट्ट्या सरकवल्या, तरी रंग काही जमेना. शेवटी आईला फोन लावला. "नीळ किती टाकतीस गं?" "चिमटभर. काय रंगवायलीस?" "कॉम्प्युटरवर बघायले. लई गडद व्हायलंय." "मग पाणी टाक की थोडं," ती सवयीनं बोलून गेली. मग हळूच म्हणाली, "यंदा भिंती तशाच हायत. प्यायाला न्हाई, तर चुन्याला कुठून आणू? तुझ्या मशिनीत पाणी लागत न्हाई ना? तिथं तरी रंगव बाई." फोन ठेवल्यावर मी तो चौकोन पडदाभर मोठा केला आणि अंधार पडेपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिले. आता आई नाही, आणि त्या भिंतींना ऑइलपेंट लागलाय. कामासाठी रोज रंगांच्या चौकटी उघडते. तो निळा अजून गडदच येतो.