कोपरीचं नत्र, विठ्ठलवाडीचं नत्र

ठाण्यापासून कल्याणच्या पलीकडे विठ्ठलवाडीपर्यंत शेणाचा एवढा आदर करणारा माणूस आमच्या मामेसासऱ्यांशिवाय दुसरा नसेल. हे मी अंदाजाने म्हणत नाही. अंदाजाने बोलायची मला सवय नाही, आणि त्यांच्यासमोर तर सोयच नाही. मामा शेतकी खात्यातून निवृत्त झाले, पण आकडेवारीतून झाले नाहीत. गेली वीस वर्षं ते ठाण्यातल्या कोपरीतली आणि विठ्ठलवाडीतली गुरं दरसाल स्वतः मोजून, त्यांच्या शेणातून किती नत्र निघतं याचा तौलनिक तक्ता करत आले. कोपरीची मोजणी माघात, विठ्ठलवाडीची वैशाखात. दुभती म्हैस वेगळी, भाकड वेगळी, रेडकू वेगळं. "माणसं कुठून कुठे गेली ते जनगणना सांगते," असं ते म्हणत, "पण माती कुठे उपाशी राहिली ते सांगायला कुणीतरी हवं ना."

मी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही. विचारलं, "तुमच्या गावी जनावरं किती?" मी म्हणालो, "चार. वासरं सोडून." 'वासरं सोडून' एवढ्यावर माझं लग्न ठरलं, असं बायको आजही सांगते. पुढे एकदा मी त्यांना नौपाड्यात डॉक्टरांकडे नेलं. पिशवीत शेणाचे दोन नमुने होते, त्यामुळे बाकावर आम्हाला ऐसपैस जागा मिळाली. डॉक्टरांनी आत गेल्यावर विचारलं, "शौचाला कसं होतं?" मामांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, "माझं का?"

या तक्त्यात मामांचा जीव गुंतला होता, त्याला कारण होतं. कोपरीत इमारती वाढल्या तसं तिथलं नत्र घटत गेलं. पण विठ्ठलवाडीचं वाढत होतं. "गेलं नाही, जावईबापू, नुसतं सरकलं," असं ते समाधानाने म्हणत. ज्येष्ठ नागरिक मंडळात ते हेच वाचून दाखवणार होते, आणि त्यासाठी तक्ता कॉम्प्युटरवर उतरवायचं काम माझ्याकडे आलं.

उतरवताना मी अडलो. मामा प्रत्येक म्हशीची खूणही लिहीत. 'डावं शिंग मोडकं, कपाळावर चांदवा' ही म्हैस माघात कोपरीत होती आणि तीनच महिन्यांनी, वैशाखात, विठ्ठलवाडीत. तशा आणखी सात सापडल्या. कोपरीच्या ज्या तबेल्यातल्या या म्हशी, त्याचे मालक आता त्याच जागेवरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मग? म्हैस आटली की मेव्हण्याकडं धाडायचो ना विठ्ठलवाडीला. व्यायला झाली की परत आणायची. जागा कमी पडाया लागली तशा जास्ती धाडल्या." मामांना सांगितलं नाहीत का, विचारलं, तर म्हणाले, "त्यांनी इचारलंच नाय."

म्हणजे विठ्ठलवाडीची वाढ ही कोपरीच्याच भाकड म्हशींची होती, दोनदा मोजलेली.

"मामाला सांगू नकोस," बायको म्हणाली. "अठ्ठ्याहत्तर वय आहे त्याचं. कोण तपासणार आहे शेण?"

"मी तपासलंय," मी म्हणालो. दोन दिवस मात्र मामांकडे गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी सांगितलं. मामांनी दोन्ही पानं शेजारी ठेवून बोटाने ओळी जुळवल्या. मग म्हणाले, "म्हणजे वीस वर्षं मी एकेका म्हशीला दोन गावांत हगवलं." मला हसू आवरेना. तेही हसले, पण माझ्याआधी थांबले. मंडळाला त्यांनी त्याच दिवशी कळवलं की वाचन पुढे ढकला, तक्ता चुकला आहे.

नंतरचे तीन गुरुवार आम्ही चौथ्या मजल्यावर बसलो. तबेल्याच्या मालकांना एकेका वर्षी पाठवलेल्या म्हशी नावानिशी आठवत होत्या.

"चांदी गेली त्या साली. न् रूपा."

"रूपा गाभण होती. ती कुठली जाते?" मामा म्हणत.

"तुमची म्हस की माझी?"

असा वाद घालत दोघे एकेक म्हैस वजा करत गेले आणि मी आकडे फिरवत गेलो. शेवटी बेरीज लागली. विठ्ठलवाडीचं नत्रही कोपरीच्या बरोबरीनेच उतरत आलं होतं. मामांनी चष्मा पुसला. "सरकलं नव्हतं तर," एवढंच म्हणाले.

या वर्षाची कोपरीची चौकट तेवढी रिकामी होती. मामांनी पेन माझ्याकडे दिलं.

"एक तरी लिवा ना वो," मालक म्हणाले.

"एक कुठून आणू?" मामा म्हणाले.

आकडा लिहिताना मी सहसा रेंगाळत नाही. त्या दिवशी रेंगाळलो. मग शून्य काढलं, नीट, गोल.