मुंढव्यातला रविवारचा नाच

पुण्यात आफ्रिकन गाण्यांवर नाचायचं असेल तर कुठे जावं, हे हल्ली लोक मला विचारतात. मला, म्हणजे कोथरूडच्या सोसायटीत राहणाऱ्या, साठी उलटलेल्या, भूगोलाच्या निवृत्त बाईंना. विचारणाऱ्याच्या डोळ्यांत थट्टा असते, पण मी अगदी गंभीरपणे सांगते. कोरेगाव पार्कात आणि कल्याणीनगरला शुक्रवार-शनिवारी आफ्रिकन म्हणून जे लावतात, त्यात दोन गाणी झाली की पंजाबी घुसतं. गर्दी तर एवढी असते म्हणे, की वर केलेला हात खाली घ्यायला जागा मिळत नाही. खरं नाचायचं असेल तर रविवारी चहाच्या वेळेला मुंढव्याच्या बाजूला जावं. तिथे एक क्लब आहे. नाव सांगणार नाही, कारण सांगितलं की तिथेही गर्दी होईल.

आता मला हे कसं ठाऊक, ते सांगते.

मी आधीही नाचतच होते. श्रावणात नव्याने लग्न झालेल्या मुलींची मंगळागौर असते आणि तिचे खेळ करायला आमच्यासारखे बायकांचे गट बोलावतात. आमच्या गटात झिम्म्याला मधे मी असायचे. मी टाळी बदलली की सगळ्यांची बदलायची. शाळा, स्वयंपाक, सासूबाईंचं आजारपण, सगळं सांभाळून मी तालमीला जायचे. आमचे हे म्हणायचे, "श्रावणात आमच्या घरी पोळ्या मिळत नाहीत, पण बायको खुशीत असते."

मग हे गेले. पुढच्या श्रावणात तालमीचा फोन आला नाही. विसरली असेल म्हणून मीच गट चालवणाऱ्या मैत्रिणीला फोन केला. आम्ही शाळेपासूनच्या मैत्रिणी.

"अगं, तू यंदा आराम कर," ती म्हणाली. "मला काही नाही गं. पण ज्यांच्याकडे खेळ असतात त्या घरच्या बायका विचारतात. मुलीची पहिलीच मंगळागौर असते ना."

"मी फुगडी घातली तर तिच्या नवऱ्याला काय होणार आहे?"

"तसं नाही गं."

तसंच होतं. एरवी मी कुणाला बोलायला मागेपुढे पाहत नाही, पण त्या दिवशी मूग गिळून फोन ठेवला. नऊवारी कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकली आणि रडले. नवऱ्यासाठी पुष्कळ रडून झालं होतं. हे रडणं माझं स्वतःसाठी होतं. नाचायचं तर मला होतंच, पण फुगडी काही एकटीला घालता येत नाही.

घरातली एक खोली रिकामी होती, ती मी भाड्याने दिली. फार्मसी शिकायला दार-ए-सलामहून आलेली मुलगी. टांझानियाची पिकं आणि हवामान मी आयुष्यभर फळ्यावर लिहिलं होतं. तिथलं माणूस घरात पहिल्यांदाच आलं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "बाई, जरा बघा हं." मी म्हटलं, "बघूनच ठेवलीय."

एका शनिवारी तिच्या खोलीतून धपधप आवाज यायला लागला. खालच्या मजल्यावरून तक्रार यायच्या आत मीच ओरडायला गेले. दार उघडं होतं. फोनवर गाणं लावून ती आरशासमोर नाचत होती. गुडघे जरा वाकवलेले, पाऊल पुढे, टाच दाबून मागे, मग एक टाळी. मी दारातच उभी राहिले. तो झिम्मा नव्हता, पण झिम्म्याच्या शेजारीच कुठेतरी राहणारा होता.

ती दचकून थांबली. "सॉरी आँटी."

"थांबलीस कशाला?" मी म्हटलं. "ते मागचं पाऊल परत दाखव."

मग बैठकीतली टीपॉय बाजूला सरकली ती सरकलीच. दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या त्या प्रकाराला अमापियानो म्हणतात, हे मला तिने शिकवलं. त्यात घाई अजिबात नसते. बराच वेळ नुसता ताल चालतो, आपल्याला वाटतं आता काही होत नाही, आणि मग उखळात मुसळ पडावं तसा एक खोल ठोका येतो. तो पोटात लागतो. मी तिला बसफुगडी शिकवली. ती दोनदा आपटली आणि हसत बसली. घरात इतकं हसणं मी विसरूनच गेले होते. खालच्या मजल्यावरून तक्रार आली, तेव्हा मी वेळ संध्याकाळची करून घेतली.

एकदा ती म्हणाली, "आँटी, रविवारी माझ्याबरोबर चला. खऱ्या स्पीकरवर ऐका."

मी साधी कॉटनची साडी नेसले, पदर खोचायला सोपी अशी. दारावरचा बाउन्सर उठून उभा राहिला आणि अदबीने म्हणाला, "मॅडम, मुलाला न्यायला आलात का?"

"नाही," मी म्हटलं, "नाचायला."

त्याने दार उघडलं.

आत केनियाची, कांगोची, सुदानची, नायजेरियाची शिकायला आलेली पोरं होती, आपली काही आयटीतली होती, आणि एका कोपऱ्यात कुणाचं तरी बाळ कानावर जाड हेडफोन चढवून झोपलं होतं. मधे लाकडी फरशीची मोकळी जागा. तिथवर पोचले आणि हातून सवयीनेच झालं. मी चप्पल काढून बाजूला ठेवली, वाकून फरशीला हात लावला आणि कपाळाला लावला. खेळाच्या जागेवर पाय ठेवायच्या आधी आम्ही असंच करतो. मान वर केली तर नाच थांबवून सगळे माझ्याकडे बघत होते. कांगोच्या एका उंच मुलाने बूट काढायला सुरुवात केली. त्याच्या मागे आणखी दोघांनी. तेवढ्यात बाउन्सर धावत आला.

"मॅडम, चप्पल घाला. ग्लास फुटतात इथे, काचा असतात."

मी ओशाळून चप्पल घातली. त्या मुलानेही बूट घातले, पण आधी फरशीला हात लावून घेतला.

तिथे रिंगण करतात. सगळे गोल उभे राहून टाळ्या देतात आणि एकेक जण मधे येऊन आपलं काय ते करून जातो. मी कडेला उभी राहून टाळ्या देत होते आणि बरी होते. शेजारी नायजेरियाची एक बाई होती, माझ्याहून थोडी लहान, मुलाला भेटायला पुण्याला आलेली. तिने वाकून विचारलं, "तुमचे मिस्टर नाही आले?"

माझे हात थांबले. हा प्रश्न कुठवर पाठलाग करणार, असं वाटलं. माझी मुलगी मधे पडू बघत होती. हो, एव्हाना मी तिला माझी मुलगीच म्हणत होते. मी तिला थांबवलं आणि सांगून टाकलं. "गेले ते. दोन वर्षं झाली."

त्या बाईने माझ्याकडे नीट बघितलं. मग माझा हात धरला आणि म्हणाली, "मग तुम्ही कडेला कशाला? मधे या."

आणि मला मधे नेलं. मी पदर खोचला. तो खोल ठोका आला तशी पहिली टाळी बदलली, आणि शप्पथ सांगते, गोलातल्या सगळ्यांची बदलली. मग माझ्या मुलीचे हात धरून फुगडी घातली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी हसत होते. कुणी काही विचारलं नाही, कारण सगळे टाळ्या देण्यात गुंतले होते.

तेव्हापासून माझा रविवार ठरलेला आहे.

यंदा श्रावण लागला आणि मैत्रिणीचा फोन आला. आवाज गोड. गटातल्या एकीचा पाय मुरगळला होता, रविवारी मोठ्या हॉलमध्ये खेळ होते आणि बाई कमी पडत होती.

"तू ये ना," ती म्हणाली. "मागच्या ओळीत उभी राहा. कपाळाला बारीकशी टिकली लाव, कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही."

हा फोन यावा म्हणून मी एके काळी देव पाण्यात घातले होते. राग येईल असं वाटलं होतं, तो आला नाही. तिचीच कीव आली. तिच्या यजमानांचं गेल्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. त्या वेळी रात्र रात्र ती कशाकशाला घाबरली असेल, हे मला चांगलं माहीत होतं.

"रविवारी जमणार नाही गं," मी म्हटलं. "मला नाच आहे. आणि मागच्या ओळीत नाही, मी मधे नाचते."

ती हळूच म्हणाली, "कुठे असतं ते?"

मी तिला पत्ता सांगितला, रिक्षा कुठे सोडायची ते सांगितलं. "कधीही ये," म्हटलं, "आणि कशीही ये. फक्त चप्पल काढू नकोस, काचा असतात."