खवटबाईंचा शेवटचा तास

बाईंच्या नाकापुढे सरकारी प्रयोगशाळेने हात टेकावेत. अंधेरीच्या आमच्या कॉलेजात त्या तिसऱ्या मजल्यावर जीवरसायन शिकवत, आणि खाली कँटीनमध्ये कोणी चिवड्याची पुडी फोडली की वरून हाक यायची, "टाकून दे रे, दाणे खवट आहेत!" घाटकोपरच्या फरसाणवाल्याने तेल बदललं नाही की बाईंना इथे शिंका येत, हे मी शपथेवर सांगतो. माझ्या शपथेचा भाव काय, ते सोडा. कॉलेजभर त्यांचं नाव खवटबाई.

"चरबीला शिव्या देऊ नका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "ती खवट झाली की वाट लागते." मग फळ्यावर रक्तवाहिनी निघे. कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण वाहिनीच्या अस्तराखाली शिरतात, अडकतात आणि ऑक्सिडाइज होतात, म्हणजे बाईंच्या भाषेत खवट होतात. अस्तराला ते सोसत नाही. अस्तर मग रक्ताच्या बाजूला गळासारखे आकडे काढतं. रक्तातून गडगडत चाललेल्या पांढऱ्या पेशी त्या आकड्यांना अडकतात, भिंतीला चिकटतात, आत घुसून तो खवट माल खात सुटतात, फेसासारख्या फुगतात आणि तिथेच मरतात. वाट अरुंद होत जाते.

एकदा एक मुलगी म्हणाली, "म्हणजे बाई, पांढऱ्या पेशीच व्हिलन?" बाईंनी असा खडू भिरकावला, की तो वर्सोव्याच्या समुद्रात पडला असणार. "व्हिलन काय गं? साफसफाईला येतात त्या!"

बाई खारदांड्याच्या कोळीवाड्यातल्या. एका रविवारी दुपारी त्यांनी आम्हा चौघा विद्यार्थ्यांना जेवायला बोलावलं होतं. तव्यावर बोंबील होते. बाईंनी मध्येच उलथनं खाली ठेवलं आणि जबडा धरला. कपाळावरून घाम ओघळत होता.

"गॅस बंद कर," त्या मला म्हणाल्या, "आणि रिक्षा बघ. हे पित्त नाही."

त्यांची गल्ली इतकी अरुंद, की दोन मांजरं समोरासमोर आली तर एकाने माघार घ्यावी. बाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही उचललं, तोवर अख्खा कोळीवाडा बाहेर! कोणी सोडा आणला, कोणी अंगारा. त्यांची थोरली वहिनी हुंगायला कांदा घेऊन आली आणि खुर्चीलाच बिलगली. "माझ्या बायला काय झालं रे?" जो येई तो भिंतीला टेकून उभा राही आणि हलायचं नाव घेत नसे. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा हॉर्न मारतेय, आम्ही मधोमध अडकलेले, आणि बाईंचे ओठ काळेनिळे. आयुष्यात पहिल्यांदा मला एकही थाप सुचेना.

बाईंनी वर्गात करत तसं बोट वर केलं. "हेच! हेच शिकवते मी! मदतीला येतात आणि वाटेतच चिकटतात! वहिनी, सोड खुर्ची! व्हा घरात सगळे, मरतेय मी इथं!"

गल्ली अशी रिकामी झाली, जणू तिथे कधी माणूस राहिलाच नव्हता. वहिनी तेवढी कांदा हातात धरून दाराआड थिजली होती.

वेळेत पोचलो. स्टेंट बसला. बाई वाचल्या, पण कॉलेजात काही परत आल्या नाहीत. तो गल्लीतला तास शेवटचा ठरला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना पडद्यावर ती अडलेली जागा दाखवली. जन्मभर फळ्यावर काढलेली वाहिनी बाईंनी डोळे बारीक करून पाहिली. "मी याच्यापेक्षा बरी काढते," म्हणाल्या. डॉक्टर हसत बाहेर गेले. बाई मात्र हसल्या नाहीत.

"बाहेर कोण आहे रे?"

"कोळीवाडा," मी म्हणालो. ही थाप नव्हती. जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

"आणि वहिनी?"

"खाली बाकावर बसल्यात सकाळपासून. वर यायला तयार नाहीत. म्हणतात, मला हाकललं तिने."

बाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. बोलल्या तेव्हा आवाज वर्गातला नव्हता.

"बोलाव सगळ्यांना."

"बाई, डॉक्टर ओरडतील."

"एकेक करून सोड रे. आधी वहिनीला आण. नाही आली तर सांग, मीच खाली येतेय."