तिसऱ्या मजल्यावरचा निळा टब

हां, तर तो टब. काल सांगता सांगता तिथंच थांबलो होतो. टळटळीत दुपार, शांती नगरात चिटपाखरू नाही, आणि समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक निळा टब खिडकीतून आपला आपण चाललेला. एका खिडकीतून गेला, दुसरीत उगवला, गॅलरीशी वळला, परत निघाला. खाली माणूस दिसेना. मला वाटलं, घरात बसून बसून आता डोळ्यांपुढे भलतंसलतं यायला लागलं.

टबाखाली शांताबाई होत्या. बुटक्या, त्यामुळं वाळत टाकलेल्या कपड्यांआड दिसत नव्हत्या इतकंच. या तारोडीच्या. उभा जन्म मासळीची पाटी डोक्यावर घेऊन वाटेतली राई, मुर्धा ही गावं करत भाईंदरच्या बाजारात जायच्या. मार्चात नातीच्या वाढदिवसाला आठ दिवसांसाठी मुलाकडं, कमळाकरकडं आल्या आणि सगळं बंद झालं. पासष्टीच्या वरच्यांनी तर उंबरा ओलांडायचा नाही. आम्ही सगळे म्हातारे काचेच्या बरणीतल्या लोणच्यासारखे मुरत पडलो.

जून लागला तसे शांताबाईंचे गुडघे धरले. जमिनीवर बसल्या की उठवायला दोघं लागायची. डॉक्टरांनी फोनवरून सांगितलं, घरातल्या घरात चालवा. कमळाकरनं चार पायांची काठी मागवली. पण बाई पॅसेजमध्ये भिंत चाचपत चालायच्या, झोक जायचा. एकदा पडल्याच. मग कमळाकरनं निकाल दिला. तारोडीचं घर बंद करायचं, आई आता कायमची इथं. बाईंनी दोन दिवस चहाला हात लावला नाही. शेवटी तो एवढ्यावर कबूल झाला, की दिवाळीला कुणाचा हात न धरता तीन जिने उतरून दाखव, मग तुझं घर तुला.

सून जागृती मोठी शहाणी पोरगी. सासूनं तिला हळूच सांगितलं, की डोकं रिकामं असलं की पाय भरकटतात. जागृतीनं जुन्या ओढणीची चुंबळ वळली, कपड्यांच्या टबात सात-आठ किलो तांदूळ ओतले आणि उचलायला हात लावला, कारण भरलं ओझं एकटीला डोक्यावर घेता येत नाही. चुंबळीवर टब बसला मात्र, मान ताठ, पाठ सरळ, पावलं एकापुढं एक. लोकांच्या आया ओझं उतरलं की चालतात, ही ओझं चढलं की चालायला लागली.

कमळाकर ऑफिसच्या मीटिंगला खोलीचं दार लावून बसला की यांचा बाजार निघायचा. स्वयंपाकघर म्हणजे तारोडी. पॅसेज राई. टीव्हीपाशी मुर्धा. गॅलरीत पोचलं की भाईंदर. मी विचारायचो, "शांताबाई, आज बाजार कसा?" त्या टबाखालून म्हणायच्या, "गिऱ्हाईक तुमच्यासारकं. नुसता भाव इचारतंय, घेत काय न्हाय."

खरं सांगतो, त्या चालायला लागल्या की समोरची इमारत विरघळून जायची. वाळत टाकलेल्या चादरी म्हणजे मिठागरं, पांढरी, दूरवर पसरलेली. त्यांच्या मधल्या बांधावरून एक बाई निळं काहीतरी डोक्यावर घेऊन चाललीय, आणि मागून मी, सपाता घालून, माझ्या गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. उन्हात खाऱ्या पाण्याचा वास यायचा. कुकरची शिट्टी झाली की दोघंही आपापल्या घरात परत.

दिवाळी आली. कमळाकर एक पायरी पुढं, शांताबाई मागं, आणि मी तोंडाला फडकं बांधून खाली फाटकाशी. पहिला जिना उतरल्या. दुसऱ्याच्या मध्यावर थांबल्या. जिन्याच्या जाळीतून दिसत होतं, हात कठड्यावरून सुटेना, पाय हवेतच चाचपडतोय. कमळाकर म्हणाला, "बस झालं आई, चल वर." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं.

तेवढ्यात वरून जागृती टब घेऊन उतरली. चार महिन्यांची चोरी तिथं उघडी पडली. कमळाकर आधी तडकला, जिला नुसतं चालता येत नाही तिला जिन्यावर ओझं देतेस म्हणाला. शांताबाईंनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. चुंबळ डोक्यावर ठेवली आणि वाट बघत उभ्या राहिल्या. त्यांची ती ताठ मान बघून त्यालाच राहवलं नसावं. त्यानंच पुढं होऊन टबाला हात लावला.

मग त्या उतरल्या. कठडा नाही, भिंत नाही. दोन्ही हात मोकळे सोडून, पाणी उतारानं उतरतं तशा, अगदी तळापर्यंत. बाहेर ऊन होतं. आठ महिन्यांनी त्यांच्या पायाला माती लागली, आणि त्या तशाच टबासकट उभ्या राहिल्या.

कमळाकर डोळे पुसत होता, पण हार मानणारा नव्हता. म्हणाला, "उतरलीस, मान्य. पण तारोडीत एकटी राहणार तू. तिथं हे डोक्यावर चढवायला कोण आहे?"

शांताबाई म्हणाल्या, "आरं, तितं दारात नुसती उभी ऱ्हायले तरी हात लावायला चार बाया येतात. हितं एकटी जागृती व्हती."